वेतन आणि निष्ठा

गेल्या हिंवाळ्यांत एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही गेलों असतां त्यांच्या चिरंजीवांनीं दूरचित्रवाणीवर बास्केटबॉलचा एक सामना लावलेला होता. सामना ग्रीस देशांतील होता. खेळाचे बारकावे समजण्याइतकें त्या विषयाचें ज्ञान आम्हांस नाहीं. परंतु घरांतील तरुण मंडळी तन्मय झालेली पाहून आम्हीहि शेवटचीं पंधरा मिनिटें बसून राहिलों. एक संघ वीस गुणांनीं मागें होता. दोन मिनिटें उरलीं होतीं, हार ठरलेली होती, प्रेक्षक उठून जाऊं लागले होते. इतक्यांत चेंडू सीमारेषेबाहेर जाऊं लागला. त्या हरणाऱ्या संघांतील एक उंच अमेरिकन खेळाडू त्याच्या मागें धांवला, त्यानें आपलें शरीर अक्षरशः झोंकून दिलें, चेंडू आंत परतविला आणि स्वतः बाजूच्या खुर्च्यांवर जाऊन आदळला. उठला तेव्हां त्याचें कोपर खरचटलेलें दिसलें.

आमचे स्नेही जन्मभर वकिली केलेले गृहस्थ. ते हंसून म्हणाले, "पाहिलेंत? वर्षाच्या करारावर आलेला माणूस! पुढच्या वर्षीं दुसऱ्या रंगाचा सदरा घालून याच संघाविरुद्ध खेळेल. याला एवढी कसली तळमळ? नवा करार मिळावा म्हणून चाललेलें हें नाटक!" त्या दिवशीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. नाटक करावयाचें तर माणूस तें घर भरलेलें असतांना करतो, लोक उठून जात असतांना नव्हे, असें एक उत्तर मागाहून सुचलें. परंतु वकिलांपुढें तें टिकणारें नव्हतें, कारण करार देणारे लोक रिकाम्या खुर्च्यांतूनहि पाहतच असतात. तेव्हां प्रश्न तसाच राहिला. वेतन घेऊन, ठरावीक मुदतीपुरती, परक्या गांवाशीं पत्करलेली जी निष्ठा, तिला निष्ठा म्हणावें कीं नाहीं?

'भाडोत्री' हा शब्द आपल्या भाषेंत शिवीसारखा वापरतात, आणि त्यास इतिहासाचा आधार आहे. 1773 सालीं थकलेल्या पगाराचें निमित्त करून गारदी शनिवारवाड्यांत शिरले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तेव्हांपासून गारदी म्हणजे पैशासाठीं कोणाचाहि गळा कापणारा, असा अर्थ मराठी मनांत रुजला. परंतु त्याच्या बाराच वर्षें आधीं पानिपतावर इब्राहिमखान गारदी होता. तोहि पगारीच, निजामाची चाकरी सोडून मराठ्यांच्या चाकरींत आलेला. ज्यांच्यासाठीं लढला त्यांच्या ना जातीचा, ना धर्माचा; उलट धर्मबंधु समोरच्या छावणींत. तरी तो शेवटपर्यंत उभा राहिला, शत्रूच्या हातीं सांपडला आणि मारला गेला. भाषेनें 1773 चा गारदी लक्षांत ठेविला आणि 1761 चा इतिहासकारांच्या स्वाधीन करून दिला. शब्दांवर विसंबून न्याय करूं नये तो याकरितां.

आतां या परदेशीं खेळणाऱ्या मंडळींची वस्तुस्थिति काय आहे तें पाहूं. हा खेळ मूळचा अमेरिकेंतलाच. 1891 च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या शारीरिक शिक्षणाच्या एका शिक्षकानें, बर्फाच्या दिवसांत विद्यार्थ्यांस छपराखालीं खेळतां यावें म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगून तो सुरू केला. हा गृहस्थ जन्मानें कॅनडाचा. म्हणजे खेळाचा जनकच परमुलुखांत चाकरीस आलेला होता. आज त्या देशाच्या सर्वोच्च लीगमध्यें 30 संघ आहेत, आणि प्रत्येकीं 15 खेळाडू धरले तर साऱ्या मिळून 450 जागा होतात. त्यांतल्याहि कित्येक युरोपांतून व आफ्रिकेंतून आलेल्या खेळाडूंनीं व्यापिलेल्या. उलट विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणींत 350 हून अधिक पुरुषांचे संघ आहेत. म्हणजे चार हजारांच्या वर तरुण या विद्येंत निष्णात, आणि दरवर्षीं त्यांतून वरच्या लीगमध्यें निवडले जाणारे साठांच्या आंतबाहेर. बाकीच्यांनीं काय करावें? आठव्या-नवव्या वर्षापासून ज्यानें दुसरें कांहीं केलें नाहीं, त्यानें बाविसाव्या वर्षीं ती विद्या गुंडाळून ठेवावी, किंवा जेथें तिला किंमत आहे तेथें जावें. स्पेन, इटली, ग्रीस, तुर्कस्तान, इस्राएल, चीन, फिलिपाइन्स असे पुष्कळ देश ती किंमत देतात. म्हणून ते जातात. यांत देशत्याग नाहीं आणि साहसहि नाहीं. आमच्या कोंकणांतला मनुष्य मुंबईस जातो तितकीच ही गोष्ट सरळ आहे.

करार बहुधा एका हंगामाचा, कधीं त्याहूनहि कमी मुदतीचा. राहावयास घर, फिरावयास मोटार, जाण्यायेण्याचें भाडें आणि ठरलेला पगार. पाय मुरगळला किंवा चार सामन्यांत नेम चुकला तर दुसरा आणवितात. बहुतेक देशांनीं परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित ठेविलेली असल्यामुळें त्याच्या वाट्यास एक विशेष जाच येतो. गांवच्या मुलाचा चेंडू चुकला तर लोक म्हणतात, आज त्याचा दिवस नव्हता. परदेशी माणसाचा चुकला तर म्हणतात, पैसे फुकट गेले. अर्थात् त्याची प्रत्येक चूक हिशेबाच्या वहींत मांडली जाते. ज्याला अशा रीतीनें रोज तोलण्यांत येतें त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षाच कां करावी, असा उलट प्रश्नहि कोणी विचारूं शकेल.

आमच्या मतें या सर्व वादांत मूळ गोंधळ एकच आहे. मोबदला घेतला कीं भाव खोटा ठरतो, असें आपण गृहीत धरून चालतों. परंतु आपल्याच जीवनांत आपण तसें कोठें मानतों? वैद्य फी घेतो. म्हणून मध्यरात्रीं रोग्याच्या उशाशीं बसलेल्या वैद्याची काळजी खोटी असें कोणी म्हणत नाहीं. शाळामास्तर पगार घेतो. तरी मंद मुलासाठीं त्याचा जीव तुटतो हें आपण डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. पैशानें वेळ विकत मिळतो, अंगमेहनत मिळते, हजेरी मिळते. वीस गुणांनीं हरलेल्या सामन्यांत खुर्च्यांवर जाऊन आदळणें कोणत्याहि करारांत लिहिलेलें नसतें, आणि लिहिलें तरी वसूल करतां येत नाहीं. विकत मिळालेल्या कामाच्या अंगानें न विकलेलें असें कांहीं तरी येतें. तें कधीं येतें, कधीं येत नाहीं. तें आलें तर त्याचें श्रेय पैशास देण्याचें कारण नाहीं.

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे. कुरुक्षेत्रावर युद्धास तोंड लागण्यापूर्वीं युधिष्ठिर शस्त्रें ठेवून पायीं चालत वडील मंडळींच्या आशीर्वादासाठीं गेला, तेव्हां भीष्मानें, द्रोणानें, कृपानें जवळजवळ एकच गोष्ट सांगितली: आम्ही कौरवांच्या अर्थानें बांधलेले आहों, युद्धाशिवाय दुसरें काय हवें तें माग. खाल्ल्या मिठाला जागणें या गुणाचें याहून थोर उदाहरण सांपडणार नाहीं, आणि याहून करुणहि सांपडणार नाहीं. भीष्म तें सांगतो तें अभिमानानें नव्हे, खाली मान घालून. कारण मिठाला जागतांना तें मीठ कोणाचें आहे हें विचारावयाचें राहून गेलें होतें. निष्ठा खरी असूनहि माणूस चुकीच्या बाजूस उभा राहूं शकतो. आमच्या स्नेह्यांचा आक्षेप निष्ठेच्या खरेपणावर होता. आम्हांस तो निरर्थक वाटतो. खरा प्रश्न तिच्या विषयाचा आहे.

अमेरिकेंतच जोसाया रॉइस नांवाचा एक तत्त्ववेत्ता होऊन गेला. 1908 सालीं त्यानें निष्ठेच्या तत्त्वज्ञानावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा कीं, निष्ठा ही जन्मानें अंगास चिकटलेली भावना नव्हे. एखाद्या कार्यास माणसानें आपण होऊन, कृतीनें आणि पूर्णपणें वाहून घेणें म्हणजे निष्ठा. आणि कार्याची निवड करावयाची ती अशी कीं त्यानें दुसऱ्यांच्या निष्ठेचा नाश होऊं नये. ही कसोटी युद्धास फार जड जाते. खेळास मात्र ती सहज लागूं पडते. अथेन्सच्या संघासाठीं जीव तोडून खेळणारा माणूस माद्रिदच्या खेळाडूची निष्ठा नष्ट करीत नाहीं. उलट तिला अधिक धार आणतो. म्हणून आज येथें व उद्यां तेथें खेळणें हा फितुरीचा प्रकार होत नाहीं. फितुरी केव्हां होते? येथला करार चालूं असतां अंगचोरपणा केला तर, किंवा पैसे घेऊन सामना हरला तर. तो गुन्हा गांवचा मुलगाहि करूं शकतो.

निष्ठेविषयीं बोलतांना आपण चाकराकडेच पाहतों, धन्याकडे पाहत नाहीं, ही आपली जुनी खोड. या व्यवसायांत पगार बुडविण्याचे प्रकार इतके होत आले कीं आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेस 2007 सालीं जिनीव्हा येथें एक स्वतंत्र लवाद स्थापन करावा लागला. हंगाम संपला, खेळाडू घरीं गेला, तीन महिन्यांचा पगार अडकला. आतां परक्या देशाच्या न्यायालयांत, परक्या भाषेंत, वकील लावून तो कोठवर भांडणार? क्लबच्या चालकांस हें पुरतें ठाऊक असतें. या लवादाचें वैशिष्ट्य असें कीं तो कोणत्याहि एका देशाच्या कायद्यावर निर्णय देत नाहीं. उभयपक्षांनीं दुसरें कांहीं ठरविलें नसेल तर केवळ न्याय्य आणि वाजवी काय एवढेंच पाहून तो निकाल देतो. निकाल न मानणाऱ्या क्लबास नवे खेळाडू घेण्याची बंदी होऊं शकते. आमच्या वकील स्नेह्यांस ही माहिती सांगितली तेव्हां ते प्रथम चपापले. कायद्याचें पुस्तक बाजूस ठेवून दिलेला न्याय त्यांस पसंत पडेना. परंतु ज्याला कोणत्याहि एका मुलुखाचा आधार नाहीं त्याच्यासाठीं कायदा तरी कोणत्या मुलुखाचा आणावयाचा? अशा वेळीं विवेकाखेरीज दुसरा आधार राहत नाहीं. 1773 च्या गारद्यांस असा एखादा लवाद असता तर, असा विचार आमच्या मनांत येऊन गेला. पण तो विचार पुढें नेण्यांत अर्थ नाहीं.

येथवर क्लबाची गोष्ट झाली. देशाची गोष्ट निघाली म्हणजे प्रश्न अवघड होतो. बेकी हॅमन ही साउथ डकोटांतील रॅपिड सिटी गांवची मुलगी. उंचीनें बेताची, विद्यापीठांतून बाहेर पडली तेव्हां व्यावसायिक लीगच्या निवडींत तिचें नांव कोणीं घेतलें नाहीं. तरी तिनें न्यूयॉर्कच्या संघांत जागा मिळविली, आणि 2007 सालीं साऱ्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानांत ती दुसरी आली. त्याच वर्षीं ऑलिंपिकसाठीं अमेरिकेनें ज्या 23 खेळाडूंस प्रथम बोलाविलें त्यांत तिचें नांव नव्हतें. ती मॉस्कोच्या क्लबशीं करार करून गेली. रशियानें तिला नागरिकत्व देऊं केलें, आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकांत ती रशियाचा सदरा घालून उतरली. पगारहि वाढला, हें लपविण्याचें कारण नाहीं.

अमेरिकेंत केवढा गहजब झाला! खुद्द अमेरिकन संघाच्या प्रशिक्षिका ॲन डोनोव्हन यांनीं तिच्या देशभक्तीबद्दल उघड शंका घेतली. या क्रोधास एक जुनी जखम कारण होती. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकांत पुरुषांचा अंतिम सामना सोव्हिएट संघानें 51 विरुद्ध 50 असा जिंकला. शेवटचीं तीन सेकंदें पुन्हा खेळविल्याचा अन्याय झाला म्हणून अमेरिकन खेळाडूंनीं रौप्यपदकें घेतलींच नाहींत. त्याच देशाचा सदरा आपल्या मुलीनें घालावा हें पुष्कळांस सहन झालें नाहीं. बीजिंगमध्यें उपांत्य सामन्यांत दैवानें रशियाची गांठ अमेरिकेशींच घातली. अमेरिकेचें राष्ट्रगीत सुरू झालें तेव्हां रशियन रांगेंत उभी असलेल्या हॅमननें हात छातीवर ठेविला. रशिया हरला; मागाहून चीनला हरवून त्यानें कांस्यपदक मिळविलें, व तें तिच्याहि गळ्यांत पडलें.

हा छातीवरचा हात आम्हांस पुष्कळ दिवस विचारांत पाडीत आला आहे. ढोंग म्हणावें तर दोन्हीं बाजूंची नाराजी ओढवून घेणारें ढोंग कोण करील? दुटप्पीपणा म्हणावा तर तिनें कांहींच लपविलें नव्हतें. आमच्या घरांतील सासुरवाशिणीची आठवण या प्रसंगीं झाल्यावांचून राहत नाहीं. ठराविक तिथीस, बोलणींचालणीं होऊन, देण्याघेण्याच्या याद्या होऊन ती परक्या घरांत येते, आणि त्या घराचें नांव लावते. त्या घरासाठीं ती झिजते. म्हणून माहेरच्या वाटेकडे तिनें पाहूं नये, असें म्हणणारी सासू आपण कठोर समजतों. दोन घरांचें प्रेम एका हृदयांत नांदूं शकतें हें ज्या समाजानें पिढ्यान् पिढ्या अनुभविलें आहे, त्यास हॅमनचें कोडें वाटण्याचें कारण नाहीं. तुलना सर्वांगीं जुळत नाहीं हें आम्ही जाणतों. सासुरवाशीण निवड करते असें पूर्वीं तरी म्हणतां येत नसे. हॅमननें निवड केली. परंतु आपल्या देशानें तिला बोलाविलेंच नव्हतें, ही गोष्ट तिच्या टीकाकारांच्या लेखांत फार बारीक अक्षरांत असे. न बोलावलेल्या जेवणावर बहिष्कार घातल्याचा आरोप कोणावर करतां येत नाहीं. पुढें तिचेंच मार्गदर्शन मिळून लास व्हेगासच्या संघानें 2022 व 2023 सालीं अमेरिकेचें अजिंक्यपद मिळविलें, आणि जुन्या गहजबाचा उच्चार कोणी केला नाहीं.

आम्हांस दोष द्यावयाचाच तर तो राष्ट्रांस द्यावासा वाटतो. 2003 सालीं रशियाच्या अध्यक्षांनीं हुकूम काढून जॉन रॉबर्ट होल्डन या अमेरिकन खेळाडूस नागरिकत्व दिलें, आणि 2007 सालीं माद्रिद येथें युरोपच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत त्याच्याच शेवटच्या फेंकीनें स्पेनविरुद्ध 60-59 असा विजय मिळाला. ज्या कागदासाठीं सामान्य निर्वासित वर्षानुवर्षें कचेऱ्यांचे उंबरठे झिजवितात, तो कागद चेंडू टोपलींत टाकणाऱ्यास एका सहीनें मिळतो. असें करणारीं राष्ट्रें दुसरींहि आहेत. सोळाव्या वर्षानंतर नागरिक झालेला खेळाडू एका संघांत एकच असावा, असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे. त्यावरूनच ही प्रथा किती फोफावली हें दिसतें. राष्ट्रीयत्व विकत देणारा आणि विकत घेणारा यांत अधिक अपराधी कोण, हें वाचकांनीं ठरवावें. आम्हांस स्वतःस शंका नाहीं.

आणि आतां भीष्माचा प्रश्न. अमेरिकेंत स्त्रियांची व्यावसायिक लीग 1997 पासून उन्हाळ्यांत खेळली जाते. तिचा पगार पुरुषांच्या मानानें इतका अल्प राहिला कीं नामांकित खेळाडू हिंवाळ्यांत परदेशीं जात आल्या. 2015 सालीं डायना टॉरासी या श्रेष्ठ खेळाडूस रशियांतील येकातेरिनबुर्गच्या क्लबनें मायदेशीं न खेळतां विश्रांति घेण्याबद्दलच पैसे दिले. घरचा पगार सुमारे एक लक्ष सात हजार डॉलर, तिकडचा सुमारे पंधरा लक्ष. यावर टीका काय करावयाची? परंतु हे पैसे कोठून येत? येकातेरिनबुर्गचा क्लब तांब्याच्या खाणींच्या एका अवाढव्य कंपनीच्या आश्रयावर चालला. टॉरासी त्यापूर्वीं मॉस्कोजवळच्या ज्या संघांत खेळे त्याचा आश्रयदाता शब्ताय काल्मानोविच हा गृहस्थ पूर्वीं इस्राएलांत सोव्हिएट हेर म्हणून शिक्षा भोगून आलेला होता. खेळाडूंवर त्यानें मुक्तहस्तानें खर्च केला, आणि त्या त्याच्या औदार्याचें वर्णन प्रेमानें करीत. 2009 च्या नोव्हेंबरांत मॉस्कोच्या रस्त्यावर मोटारींत असतांना त्यास गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें.

अशा धन्याचें मीठ खावें काय? आम्ही येथें थोडे घुटमळतों. पगार देणाऱ्या प्रत्येकाच्या तिजोरीचा उगम शोधणें चाकरास शक्य नाहीं. तसा शोध घेऊं लागल्यास आपल्यापैकीं किती जणांच्या नोकऱ्या शाबूत राहतील, हेंहि एकदा मनाशीं विचारून पाहावें. पण अजिबात डोळे मिटून घेणें हीहि निर्दोष गोष्ट नव्हे. धनिकाच्या हौसेवर व राज्यकर्त्यांच्या लौकिकावर चालणाऱ्या घरांत पाहुणा सुरक्षित असतो तो यजमानाच्या मर्जीपुरता.

ब्रिटनी ग्रायनर हिला याचा अनुभव आला. तीहि येकातेरिनबुर्गलाच खेळे, आणि त्या वर्षीं घरच्या लीगमधील सर्वांत मोठा पगार 2,28,000 डॉलरांच्या आसपास असतां तिकडे तिला दहा लक्षांहून अधिक मिळत. 17 फेब्रुवारी 2022 रोजीं मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानांत गांजाच्या तेलाच्या नळ्या सांपडल्या. एका आठवड्यानें युक्रेनचें युद्ध पेटलें. ऑगस्टांत तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली. 8 डिसेंबरास, व्हिक्टर बूट या शस्त्रांच्या व्यापाऱ्याच्या बदल्यांत तिची सुटका झाली. कायदा तिनें मोडला होता, हें तिनेंच कबूल केलें. पण शिक्षेचें माप त्या अपराधाचें होतें असें कोणासहि वाटलें नाहीं. या प्रकरणांतील एक लहानशी गोष्ट मात्र फारशी कोणीं सांगितली नाहीं. खटला चालूं असतां, युद्धाच्या ऐन ज्वरांत, तिच्या क्लबचा रशियन संचालक आणि तिची एक रशियन सहखेळाडू हीं दोघें न्यायालयांत आलीं आणि तिच्या चांगल्या वागणुकीबद्दल त्यांनीं साक्ष दिली. त्यांचा तिच्याशीं कसला संबंध? पगारी, परकी, शत्रुराष्ट्राची बाई! निष्ठा एकाच बाजूनें उत्पन्न होत नाहीं, एवढें त्यावरून आम्ही समजतों.

योगायोग असा कीं 17 फेब्रुवारी हीच तारीख दुसऱ्या एका अमेरिकनाच्या चरित्रांत सोन्याची आहे. टॅल ब्रॉडी हा न्यू जर्सीचा ज्यू तरुण 1965 सालीं अमेरिकन लीगसाठीं निवडला गेला होता. तें सोडून तो एका वर्षासाठीं म्हणून तेल अवीवच्या क्लबांत गेला, आणि अखेर तेथलाच झाला. 1977 च्या त्या दिवशीं त्याच्या संघानें बेल्जममधील व्हिर्टन या खेडेवजा गांवीं मॉस्कोच्या सैन्यसंघाचा पराभव केला. उभय देशांत राजनैतिक संबंध नसल्यामुळें सामना तिसऱ्याच मुलुखांत ठेवावा लागला होता. सामन्यानंतर अमेरिकन उच्चारांच्या हिब्रूंत तो जें बोलला तो इंग्रजी वळणाचाच वाक्प्रचार होता: आम्ही नकाशावर आलों. परक्या माणसाची ती मोडकी भाषा पुढें त्या भाषेचीच संपत्ति होऊन बसली. स्टेफन मार्बरीची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कमध्यें जो शेवटीं नकोसा झाला, तो 2010 सालीं चीनमध्यें गेला, बीजिंगच्या संघास त्यानें 2012, 2014 व 2015 सालीं अजिंक्यपद मिळवून दिलें, आणि त्या शहरानें त्याचा पुतळा उभारला. अशा यशाच्या कथा ऐकावयास बऱ्या. पण जेथें पुतळा होतो तेथें निष्ठेची परीक्षा फारशी कठीण नसते. म्हणून त्यांवर आम्ही थांबत नाहीं.

आम्हांस अधिक मोलाची वाटते ती अल्फोन्सो फोर्डची हकीकत. मिसिसिपींतील ग्रीनवुड या कापसाच्या मुलुखांतील हा मुलगा. घराजवळच्या एका लहान विद्यापीठांत तो खेळला आणि चार वर्षांत त्यानें 3,165 गुण मिळविले; अमेरिकन विद्यापीठांच्या इतिहासांत इतके गुण मिळविणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी मोठ्या लीगमध्यें त्याच्या वाट्यास अवघे अकरा सामने आले. मग स्पेन, मग ग्रीस. 1997 सालीं त्याला रक्ताचा कर्करोग असल्याचें निदान झालें. वय सव्वीस वर्षांच्या आंत.

त्यानंतर तो सात वर्षें खेळला. रोगाची गोष्ट फार थोड्यांस ठाऊक होती. अथेन्सच्या पेरिस्तेरी संघांत असतां 2001 सालीं तो युरोपच्या मुख्य स्पर्धेंत सर्वाधिक गुण मिळविणारा ठरला. पुढल्या वर्षीं ऑलिंपियाकोसच्या संघांत पुन्हा तोच. 2003 सालीं इटलींतील सिएना या जुन्या शहराचा संघ त्याच्या जोरावर युरोपच्या शेवटच्या चार संघांत गेला. मग तो ॲड्रियाटिक समुद्राकांठच्या पेझारो गांवीं गेला. गांव बदले, सदरा बदले, भाषा बदले. खेळणें तेवढें तेंच राही. 26 ऑगस्ट 2004 रोजीं, प्रकृति साथ देत नसल्यामुळें येत्या हंगामांत आपण खेळूं शकत नाहीं, असें त्यानें पेझारोच्या लोकांस पत्रानें कळविलें. 4 सप्टेंबरास मेम्फिस येथें तो वारला. बत्तीस वर्षांचें आयुष्य. त्या वर्षापासून युरोपच्या त्या स्पर्धेंत सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास जें पारितोषिक देतात, त्यास त्याचें नांव आहे.

ही हकीकत आम्हीं परवां आमच्या वकील स्नेह्यांस सांगितली. ते पुष्कळ वेळ गप्प होते. मग व्यवसायाच्या संवयीनें म्हणाले, "पण असाध्य रोग असल्याचें करार करतांना सांगितलें नाहीं, तर ही महत्त्वाची गोष्ट दडविणें होत नाहीं काय?" आक्षेप बिनतोड होता. आम्ही इतकेंच म्हणालों कीं करार खेळण्याचा होता, आणि तो खेळला. साऱ्या युरोपांत त्याच्याइतका कोणी खेळला नाहीं. त्यांनीं चष्मा काढून पुसला. "नुकसानी सिद्ध करतां यावयाची नाहीं," ते म्हणाले, "दावा टिकणार नाहीं." थोड्या वेळानें त्यांनीं आंतल्या खोलींतील चिरंजीवांस हांक मारली. "अरे, तो गेल्या हिंवाळ्यांतला ग्रीसमधला खेळाडू, खुर्च्यांवर पडलेला, त्याचें नांव काय रे?"

चिरंजीवांनीं नांव सांगितलें, आणि तो आतां तुर्कस्तानांत खेळतो, असेंहि सांगितलें.